एका कॅबिनेटमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं : उष्णता आटोक्यात कशी आणायची

गेल्या मे महिन्यातली दुपार. नागपुरात बाहेर ४५ अंश, वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत ३६. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (मॉडेलवरून अंतिम चित्र काढण्याचं काम) लावून मी जेवायला गेलो. परत आलो तेव्हा वरच्या ग्राफिक्स कार्डाची मेमरी ११० अंशांना टेकली होती, कार्डाने आपला वेग पाडला होता आणि पंखे पूर्ण ताकदीने घोंघावत होते. खालचं कार्ड मात्र निवांत चालू होतं. दोन्ही आरटीएक्स ३०९०, दोन्हींना काम सारखंच. वरचं कार्ड खालच्याने तापवलेली हवा ओढत होतं, एवढाच काय तो फरक.

दोन कार्डांच्या संगणकाचं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं. ते कळलं की उपाय कुठे करायचा हेही कळतं. आपल्याकडे तापमान वाढलं की लोक थेट दुकानात जाऊन पंखे नाहीतर लिक्विड कूलर घेऊन येतात. माझा क्रम वेगळा आहे. आधी मोजायचं, मग मुळात उष्णता कमी निर्माण होईल असं बघायचं, त्यानंतर कार्डांमधली फट, मग कॅबिनेटमधला वारा, मग धूळ आणि पेस्ट, आणि सगळ्यात शेवटी खोली. पहिल्या दोन पायऱ्यांना एक रुपया लागत नाही, आणि सर्वात जास्त अंश मला तिथेच मिळाले.

दुसरं कार्ड कशासाठी, हे आधी ठरवा

दोन कार्डं जोडून एकच गेम पळवण्याची कल्पना १९९८ साली थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू २ पासूनची. एनव्हिडियाने २००४ मध्ये ती एसएलआय या नावाने पुन्हा आणली. पण १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने आरटीएक्स २० मालिका आणि त्याआधीच्या कार्डांसाठी नवीन एसएलआय प्रोफाइल (एखादा गेम दोन कार्डांवर चालावा म्हणून ड्रायव्हरमध्ये द्यायच्या सेटिंग्ज) देणं थांबवलं. ३० मालिकेत जोडणीची सोय फक्त ३०९० आणि ३०९० टीआयवर उरली, ४०९० वर तीही नाही. म्हणजे आज फक्त गेम खेळायचे असतील आणि कार्ड अजून घेतलेलं नसेल, तर दोन घेऊ नका. तेच पैसे एका चांगल्या कार्डात घाला.

ज्यांच्याकडे दोन कार्डं खरोखर उपयोगी आहेत ते लोक वेगळे. दिवसा रेंडर करणारे किंवा घरीच एआय मॉडेल चालवणारे आणि रात्री त्याच संगणकावर गेम खेळणारे. एका कार्डावर गेम आणि दुसऱ्यावर रेंडर, असंही चालतं. पुढचं सगळं त्यांच्यासाठी. जुन्या दोन १०८० टीआय अजून सांभाळून ठेवणाऱ्यांनाही ते लागू पडेल, फक्त वॅटचे आकडे कमी धरा, कारण ते कार्ड २५० वॅटचं आहे.

पायरी पहिली : मोजणं

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि फक्त सेन्सर्स उघडा. प्रत्येक कार्डाचे चार आकडे बघायचे: जीपीयू (मुख्य चिप) तापमान, हॉट स्पॉट (चिपवरचा सर्वात तापलेला बिंदू), मेमरी जंक्शन (मेमरी चिपांच्या आतलं तापमान) आणि किती वॅट खातंय ते. ३०९० साठी ढोबळ अंदाज असा. मुख्य चिप ८३ अंशांच्या आसपास गेली की कार्ड वेग आवरू लागतं. मेमरीची मर्यादा ११० अंश, पण ती रोज तिथे नेण्यात शहाणपण नाही, मी १०० च्या आत ठेवतो. हॉट स्पॉट मुख्य तापमानाहून १० ते १५ अंश वर असणं नेहमीचं. हे अंतर २५ च्या पुढे गेलं, तर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वर पोचवणारा लेप) किंवा हीटसिंकच्या (त्यावरच्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्याच्या) बसणीत दोष आहे असं समजा.

पाचवा आकडा खोलीचा. साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या पंख्यासमोर ठेवा. नुसतं ‘कार्ड ७५ वर आहे’ म्हणण्याला अर्थ नाही. डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत ७५ म्हणजे कार्ड खोलीच्या ५३ अंश वर आहे. तोच संगणक मे महिन्यात ३६ अंशांच्या खोलीत ८९ वर जाणार, किंवा तिथे पोचण्याआधीच वेग पाडणार. म्हणून वहीत नेहमी ‘खोलीच्या वर किती’ हा आकडा लिहा. हिवाळ्यात बांधलेले आणि ‘मस्त थंड चालतोय’ म्हणून सोडून दिलेले संगणक उन्हाळ्यात दगा देतात ते यामुळेच.

चाचणी निदान अर्धा तास चालू द्या. चिप मिनिटभरात तापते, पण काच, पत्रा आणि आतली हवा स्थिर व्हायला वेळ लागतो. पाच मिनिटांच्या बेंचमार्कवर विश्वास ठेवू नका.

मग एकच प्रयोग करा. आकडे स्थिर झाले की कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि आणखी दहा-पंधरा मिनिटं थांबा. तापमान सात-आठ अंशांनी किंवा जास्त उतरलं, तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाहीये. दोन-तीन अंशांचाच फरक पडला, तर कॅबिनेट निर्दोष आहे, दुखणं कार्डात, दोन कार्डांमधल्या फटीत किंवा खोलीत आहे. या एका प्रयोगाने माझे पंख्यांचे पैसे वाचले.

पायरी दुसरी : उष्णता मुळात कमी करणं

३०९० चं ठरलेलं प्रमाण ३५० वॅट. दोन कार्डांचे ७००, त्यात प्रोसेसर आणि बाकीचं धरून ८५० वॅट सहज होतात. भिंतीतून ओढलेली ही सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच बाहेर पडते. एक कार्ड ३५० वरून २८० वॅटवर आणलं तर वीज २० टक्के कमी होते, पण वेग तेवढा पडत नाही. या कार्डांना शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ मिळवायलाच सर्वात जास्त वीज लागते. माझ्या रेंडरच्या वेळेत सहा-सात टक्क्यांचा फरक पडला. त्या बदल्यात दोन कार्डांची मिळून १४० वॅट उष्णता गेली, आणि दिवसाला चार तास वापर धरला तर महिन्याला सतराएक युनिटही वाचली.

हे करायला एमएसआय आफ्टरबर्नर पुरतं, कार्ड कोणत्याही कंपनीचं असो. त्यात पॉवर लिमिटची पट्टी ८० टक्क्यांवर आणा. पण त्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन, एकसारख्या कार्डांना एकच सेटिंग लावणारी खूण काढून टाका. ती मुळातच लावलेली असते आणि बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ती काढली की दोन्ही कार्डांना वेगळे आकडे देता येतात, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे. माझ्याकडे वरचं कार्ड २६० वॅटवर आहे, खालचं ३०० वर. वरच्याला श्वास कमी मिळतो, म्हणून त्याच्यावर ओझंही कमी. शेवटी विंडोज सुरू होताना हीच सेटिंग लागू होईल अशी खूण करा, नाहीतर पुढच्या वेळी सगळं पूर्वपदावर.

लिनक्सवाल्यांनी एनव्हिडिया-एसएमआय वापरावं. ‘आय’ या पर्यायाने कार्डाचा क्रमांक, ‘पीएल’ने वॅटचा आकडा द्यायचा. ही मर्यादा रीस्टार्ट झाल्यावर पुसली जाते, त्यामुळे ती सुरुवातीलाच आपोआप लागेल अशी व्यवस्था करावी लागते.

आणखी पुढे जायचं असेल तर अंडरव्होल्टिंग, म्हणजे चिपला कमी व्होल्टेजवर चालवणं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजची वक्ररेषा उघडते. ८५० मिलिव्होल्टचा बिंदू १८०० मेगाहर्ट्झपर्यंत उचला, त्याच्या उजवीकडची सगळी रेषा त्याच उंचीवर सपाट करा आणि लागू करा. मग दोन तास रेंडर, दोन तास गेम. मध्येच काळा पडदा आला किंवा ड्रायव्हर कोसळला, तर मेगाहर्ट्झ थोडे उतरवा. एकाच मॉडेलच्या दोन कार्डांना एकच आकडा मानवेल असं नाही. माझ्या दुसऱ्या कार्डाला १८०० झेपले नाहीत, १७५५ वर ते स्थिर झालं. दुसऱ्याच्या संगणकावरचा आकडा जसाच्या तसा उचलू नका.

आणि गेम खेळताना फ्रेम रेटला मर्यादा घाला. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर २२० फ्रेम काढून कार्ड फुकट तापतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ आहे, १४० टाका.

पायरी तिसरी : दोन कार्डांमधली फट

खरी लढाई इथे आहे, त्यामुळे इथे घाई करू नका.

मदरबोर्डवरच्या दोन लगतच्या स्लॉटच्या जागांमध्ये २०.३२ मिमी अंतर असतं. नेहमीसारखं आडवं बसवलेलं कार्ड आपले पंखे खाली करून लटकतं. म्हणजे वरच्या कार्डाला लागणारी सगळी हवा त्याचे पंखे आणि खालच्या कार्डाची पाठ यांच्यामधल्या फटीतून यायची. तीन स्लॉट जाडीचं कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये आणि दुसरं चौथ्यात असेल, तर फट जवळजवळ उरतच नाही. तेच वरचं कार्ड दोन स्लॉट जाडीचं असेल, तर साधारण २० मिमी मिळतात, म्हणजे जवळपास एका बोटाची रुंदी. एक स्लॉट मोकळा राहिला की वरच्या कार्डाची परिस्थितीच पालटते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. दोन कार्डं वेगवेगळ्या जाडीची असतील, तर जाड आणि जास्त वॅटचं कार्ड वर लावण्याकडे आपला कल असतो, कारण पहिला स्लॉट ‘मुख्य’. उष्णतेच्या हिशेबात उलटं करणं बरं. बारीक कार्ड वर, जाड खाली. बारीक कार्ड वर असलं की फट वाढते आणि जाड कार्डाला तळाच्या एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) झाकणापर्यंतची मोकळी जागा मिळते. अट एवढीच, की खाली जाड कार्ड मावलं पाहिजे आणि खालच्या स्लॉटला प्रोसेसरकडून आठ लेन (माहिती ने-आण करणाऱ्या वाटा) तरी मिळाल्या पाहिजेत. मदरबोर्डच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं. मॉनिटरची केबल कोणत्याही कार्डाला लावता येते. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या ग्राफिक्स सेटिंगमधून कोणता गेम कोणत्या कार्डावर चालवायचा तेही ठरवता येतं. मी गेम खालच्या कार्डावर चालवतो.

३०९० ची आणखी एक खोड आहे. या कार्डाच्या २४ जीबी मेमरीच्या २४ चिपांपैकी १२ पाठीमागच्या बाजूला आहेत आणि त्यांची उष्णता बॅकप्लेटमधून (कार्डाच्या पाठीवरच्या पत्र्यातून) बाहेर पडते. पहिल्या उन्हाळ्यात मी खालच्या कार्डाच्या बॅकप्लेटला सहज बोट लावलं आणि चटका बसून झटक्यात मागे घेतलं. वरचं कार्ड आपले तीन पंखे अगदी त्याच तव्यावर रोखून बसलेलं होतं. हे दृश्य एकदा डोळ्यासमोर आणलं की पुढचे उपाय आपोआप सुचतात.

मला सर्वात उपयोगी पडलेला उपाय असा: कॅबिनेटच्या पुढच्या तीन पंख्यांपैकी एक नेमका त्या फटीच्या उंचीवर आणायचा आणि त्याच्या वाटेतल्या केबली, हार्ड डिस्कचा पिंजरा, सगळं काढून टाकायचं. थंड हवा थेट फटीत शिरते. बाजूच्या पत्र्यावर पंखा लावायची सोय असेल तर आणखी उत्तम. वरच्या कार्डाच्या पाठीवर ९२ मिमीचा छोटा पंखा फुंकर घालेल असा बसवला की त्याच्या मागच्या मेमरीलाही आराम पडतो.

फट काढताच येत नसेल तर दोन पर्याय उरतात. एक, ब्लोअर पद्धतीची कार्डं. ती हवा ओढून कॅबिनेटच्या मागून थेट बाहेर फेकतात, त्यामुळे चिकटून बसवली तरी निभावतात, पण आवाज मोठा असतो. दुसरा, राइझर केबल (स्लॉट आणि कार्ड जोडणारी लवचीक पट्टी) लावून एक कार्ड उभं करणं. उभ्या कार्डाचे पंखे काचेपासून निदान चार-पाच सेंटीमीटर लांब असू द्या, नाहीतर फटीतून काढून काचेवर आपटवल्यासारखं होईल. आणि केबल तुमच्या बोर्डाच्या पीसीआयई (कार्डाच्या स्लॉटचं मानक) पिढीला साजेशी घ्या. चौथ्या पिढीच्या बोर्डावर तिसऱ्या पिढीची केबल लावलीत आणि पडदा काळा पडू लागला, तर बायोसमध्ये तो स्लॉट तिसऱ्या पिढीवर ठेवा.

पायरी चौथी : कॅबिनेटमधला वारा

एक साधा हिशेब कामाला येतो. एकूण वॅटला १.७६ ने गुणा आणि कॅबिनेटमधून प्रत्यक्ष जाणाऱ्या हवेच्या सीएफएमने (मिनिटाला किती घनफूट) भागा. जे येईल तेवढ्या अंशांनी आतून जाताना हवा तापते. ८५० वॅट आणि १०० सीएफएम असतील तर १५ अंश. ६० सीएफएम असतील तर २५. खोली ३६ अंशांवर असताना आतली हवा ६१ वर गेली, तर जगातला कुठलाही हीटसिंक काय करणार? खोक्यावर छापलेला सीएफएम मोकळ्या हवेतला असतो, जाळी आणि फिल्टरमधून तो खूपच घटतो, हेही लक्षात ठेवा.

मांडणी साधीच ठेवा. पुढून तीन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा, वरच्या बाजूला फक्त मागच्या अर्ध्या भागात एक किंवा दोन बाहेर टाकणारे. वर अगदी पुढे लावलेला पंखा पुढून आलेली ताजी हवा कार्डांपर्यंत पोचण्याआधीच बाहेर ओढतो, तो काढा. पुढचं तोंड काचेचं असेल तर जाळीचं कॅबिनेट घेणं हाच इलाज. प्रोसेसरचा लिक्विड कूलर असेल तर त्याचा रेडिएटर पुढे लावू नका, वर लावा. कार्डांच्या गरम हवेने प्रोसेसर थोडा तापेल, पण तो सहन करतो, कार्डांना मात्र ताजी हवा मिळते. मागच्या बाजूच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्याही मी काढून टाकल्या आहेत.

वारा प्रत्यक्ष कुठे जातो हे बघायला उदबत्ती लावा. खोलीतला पंखा बंद करून, कार्डं पूर्ण कामाला लावून, उदबत्ती आधी पुढच्या जाळीसमोर धरायची, मग मागे, मग वरच्या कडांना. राख आत पडणार नाही एवढी लांब धरा. माझ्याकडे मागे, भिंतीलगत धरलेल्या उदबत्तीचा धूर बाहेर जायच्या ऐवजी वळून खालच्या बाजूने पुन्हा आत शिरत होता. कॅबिनेट भिंतीला जवळजवळ टेकलेलं होतं, बाहेर टाकलेली गरम हवा भिंतीवर आपटून परत येत होती. कॅबिनेट वीतभर पुढे ओढलं आणि दोन्ही कार्डं तीन-तीन अंशांनी उतरली.

आता पंख्यांच्या वेगाबद्दल. मदरबोर्ड साधारणपणे कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानावर फिरवतो. रेंडर कार्डांवर चालू असताना प्रोसेसर निवांत, म्हणजे पंखेही निवांत, आणि कार्डं आत भाजत बसतात! ‘फॅन कंट्रोल’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने हे सुधारता येतं. दोन्ही कार्डांच्या तापमानातलं जे जास्त असेल त्याला कॅबिनेटचे पंखे बांधा. तसंच, वरच्या कार्डाचे पंखे ५०-६० अंशांपर्यंत बंद राहण्याची सोय असेल तर ती काढून टाका, ३५ टक्क्यांवर सतत फिरू द्या.

एसएमपीएसचं थोडक्यात. दोन ३०९० साठी १२०० वॅटच्या खाली जाऊ नका, कारण या कार्डांची वीज क्षणभर उसळी मारते. प्रत्येक आठ पिनच्या सॉकेटला स्वतंत्र केबल द्या, एकाच केबलला फुटलेली दोन तोंडं वापरू नका. एसएमपीएसचा पंखा खालून हवा घेत असेल तर कॅबिनेट सतरंजीवर ठेवू नका.

पायरी पाचवी : धूळ, पेस्ट आणि पॅड

पुढची जाळी आणि फिल्टर पंधरा दिवसांनी धुऊन, पूर्ण वाळवून लावा. दिवाळीच्या आवराआवरीत आणि पुन्हा मार्चमध्ये ब्लोअरने आतली धूळ काढा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नका, त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं.

कार्ड उघडायची वेळ हॉट स्पॉटच्या आकड्यावरून कळते. माझं दुसरं कार्ड वापरलेलं घेतलं होतं. आधीच्या कुणीतरी त्याचे थर्मल पॅड (मेमरी चिपा आणि हीटसिंक यांच्यामधल्या, उष्णता नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बदललेले. हॉट स्पॉट मुख्य तापमानाच्या ३१ अंश वर. उघडलं तर चिपच्या एका बाजूला पेस्ट पातळ पसरलेली, दुसऱ्या बाजूला जाड थर तसाच, दाबाचा मागमूस नाही. पॅड हवे त्यापेक्षा जाड होते, त्यांनी हीटसिंक एका बाजूने उचलून धरला होता. योग्य जाडीचे पॅड लावल्यावर अंतर १३ वर आलं. पॅडची जाडी प्रत्येक मॉडेलला वेगळी, आणि एकाच कार्डात पुढची-मागचीही वेगळी असते. अर्धा मिमी चुकला तरी हे असं होतं. जुने पॅड निघाले की दाबल्या न गेलेल्या कडेची जाडी मोजून घ्या, आणि नवे लावल्यावर हीटसिंक एकदा बसवून, पुन्हा काढून, सगळ्या चिपांचे ठसे उमटलेत का ते पाहा. कार्ड वॉरंटीत असेल तर स्क्रूवरच्या स्टिकरला हात लावण्याआधी अटी वाचा.

पायरी सहावी : खोली

८५० वॅट म्हणजे साधारण पाव टन एसीचं काम. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, त्यातला चौथा हिस्सा तुमचा संगणकच खाणार. एसी निवडताना हे धरा.

विदर्भात बऱ्याच घरांत एसी नसतो, वाळ्याचा किंवा हनीकोंबचा कूलर असतो. तो संगणकाला चालतो, पण समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली नुसती दमट होते. आणि झोत थेट कॅबिनेटवर नको. पाण्याचे बारीक थेंब वाळले की मागे क्षाराचा पांढरा थर राहतो, तो मदरबोर्डवर कुणालाच नको असतो. माझा कूलर संगणकापासून दोन-अडीच मीटरवर, दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून आहे.

मुंबई, रत्नागिरी, गोव्याकडच्या मित्रांना दमटपणाची काळजी वाटते. माणसाचा घाम सुकत नाही म्हणून आपल्याला उकडतं. यंत्राला घाम येत नाही, त्याला फक्त हवेचं तापमान कळतं. ३३ अंशांची दमट रत्नागिरी कार्डांना ४५ अंशांच्या कोरड्या नागपूरपेक्षा कितीतरी सोपी. तिकडे त्रास धुळीचा, कारण दमट खारी हवा लागली की ती चिकट होऊन पात्यांवर घट्ट बसते. फिल्टर आठवड्याला धुवा.

स्लॅबखालची खोली असेल तर वेळेचंही गणित सांभाळा. स्लॅब संध्याकाळीसुद्धा तापलेलाच असतो, तो निवायला मध्यरात्र उजाडते. मी एप्रिल-मेमध्ये मोठे रेंडर रात्री एकनंतर लावतो, तेव्हा खोली ३१-३२ वर आलेली असते. दुपारी फक्त खालचं कार्ड चालवतो. या मे महिन्यात वहीत वरच्या कार्डाच्या मेमरीचा सर्वात मोठा आकडा ९६ आहे, खोली ३५ अंश असतानाचा.